दुहेरी फडक्याचा धडा

पोपट म्हाळू रणपिसे शिरूरच्या एका कॉलेजात पाच वर्षं डेमॉन्स्ट्रेटर होता. डेमॉन्स्ट्रेटर म्हणजे प्रोफेसरांनी फळ्यावर खडूचा बेडूक काढायचा आणि याने टेबलावर खरा कापायचा. तास संपला की त्यांनी चहाला जायचं आणि याने ट्रे धुवायचे. हाताला फॉर्मलीनचा वास कायमचा चिकटलेला. पण पोपटला त्या वासाची कधी घाण वाटली नाही. घाण काय असते ते त्याला पुढे कळलं, आणि ती प्रयोगशाळेत नव्हती.

एकोणीसशे पंचाहत्तरच्या जूनमध्ये आर्ट्स आणि कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला एक सक्तीचा पेपर लागला, 'विज्ञान आणि समाज'. तो शिकवायचा कोणी, यावर स्टाफरूममध्ये आठवडाभर काथ्याकूट झाला. फिजिक्सचे सर म्हणाले, समाज आला म्हणजे आमचा विषय नाही. मराठीचे सर म्हणाले, विज्ञान आलं म्हणजे आमचा नाही. झूऑलॉजीच्या मुख्य सरांनी तर हातच झटकले. बीएच्या पोरांना विज्ञान शिकवणं म्हणजे म्हशीला अत्तर लावणं, असं त्यांचं मत. ही सगळी मंडळी पीएचडी-बिएचडीवाली, पण पेपर असा टाळत होती की जणू कोणी ताटात पाल टाकली आहे. शेवटी प्रिन्सिपॉलांनी पोपटला बोलावलं आणि सांगितलं, "रणपिसे, तुम्ही घ्या. कसाही घ्या. निकाल लागला म्हणजे झालं."

त्या 'कसाही'ने पोपटचं आयुष्य पालटलं.

पहिल्या तासाला तो वर्गात एक जुनी, फाटकी मोट घेऊन आला. विहिरीतून पाणी उपसायची कातड्याची मोट. तिचा कुबट वास वर्गभर सुटला तशी पोरांनी नाकाला रुमाल लावले. पोपट म्हणाला, "वास येतोय ना? येऊ दे. ही मोट शिवायला कोणाचे हात लागायचे? ती ओढायला किती बैल लागायचे? विहिरीवर इंजिन आलं तेव्हा ते बैल कुठं गेले? शिवणारा कुठं गेला? शेजारच्या विहिरीचं पाणी कुठं गेलं?" मग त्याने कॉमर्सच्या पोरांना इंजिनाचा आणि बैलजोडीचा खर्च मांडायला लावलं. इतिहासवाल्यांना म्हाताऱ्यांकडे धाडलं, गावात पहिलं इंजिन कोणाच्या विहिरीवर बसलं ते विचारायला. मराठीवाल्यांना मोटेवरची गाणी लिहून आणायला सांगितली, कारण इंजिनावर कोणी गाणं म्हणत नाही. जो वर्ग सायकल स्टँडवर उभा राहायचा तो आत येऊन बसायला लागला. बीएस्सीची पोरंसुद्धा चोरून खिडकीशी थांबायची. त्यांना इंजिनाचा सिलिंडर पाठ होता, पण मोट शिवणाऱ्याचं पुढे काय झालं, हा प्रश्न त्यांना कोणी घातलाच नव्हता.

रविवारी पोपट एसटीने दौंडला जायचा. तिथं त्याचा मामा साहेबराव रेल्वेच्या लोको शेडमध्ये फिटर होता. मामाने बुद्धविहारात पंचवीस-तीस माणसं जमवलेली असायची. फिटर, खलाशी, गँगमन, त्यांच्या बायका. जो धडा शिरूरच्या पोरांना, तोच पोपट यांना द्यायचा. ही माणसं कॉलेजपेक्षा वाकडे प्रश्न विचारायची, म्हणून पोपटला तिथं जास्त मजा यायची. एका रविवारी धडा संपल्यावर मामा म्हणाला,

"भाच्या, शिकिवतोस झ्याक. पर तुझी अशी समजूत दिसती, की माणसाला कळलं म्हंजी माणूस सुधारतो."

"मग न्हाई का मामा?"

"आमच्या शेडमदला एक डायवर हाय. बॉयलरची नस न् नस त्याला ठावी. पर खंडेनवमीला इंजिनाची पूजा असती, तवा माझा हात नारळाला लागला तर गडी दुसरा नारळ आणतो. इंजिन मी खोललेलं चालतंय त्येला. नारळ न्हाई चालत."

"त्याला कोणी नीट दाखवून दिलं नसेल," पोपट म्हणाला.

मामा हसला आणि त्याने चहा सांगितला.

पोपटला मामाचं हसणं लागलं. कारण ती नुसती समजूत नव्हती, तीच त्याची सगळी ठेव होती. आणि ती कुठं लावायची तेही त्याने मनाशी ठरवलं होतं. त्याची आई चांगुणा अजून वाडीवरच राहायची. मांडवगण फराट्याकडून नदीच्या अंगाने खाली आलं की ही वाडी लागते. नाव मुद्दाम सांगत नाही. सांगितलं तर आसपासच्या दहा वाड्या हसतील, आणि त्यांनी हसावं असं त्यांच्याकडे काही नाही. वाडीला वरची आळी आणि ओढ्यापलीकडे बौद्धांची वस्ती. वरच्या आळीला महादेवाच्या देवळापुढची जुनी दगडी बारव, पार पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांची. वस्तीने त्या पायरीवर पाऊल ठेवायचं नाही. वस्तीने ओढ्याच्या वाळूत झिरा खणायचा आणि वाटीवाटीने पाणी भरायचं. चांगुणा साठीला आली होती आणि अजून रोज वाळूत गुडघे टेकून हंडा भरत होती. आपल्या आईने एकदा उभ्याने, ताठ मानेने पाणी भरावं, एवढंच पोपटला हवं होतं. आणि ते विज्ञानाने होईल, असं तो धरून चालला होता.

वाडीला रोग होता नारूचा. ज्यांनी नारू पाहिला नाही त्यांनी सुखाने जेवावं. बाकीच्यांना सांगायला नको. घोट्याजवळ फोड येतो, आग आग होते, फोड फुटतो आणि आतून पांढरा, शेवईसारखा, हातभर लांबीचा जिवंत किडा हळूहळू बाहेर येतो. ओढला तर तुटतो आणि तुटला तर पाय सडतो. माणूस महिना-दोन महिने अंथरुणाला. आग शमावी म्हणून नारूवाले बारवेच्या पायरीवर बसायचे आणि पाय पाण्यात सोडायचे. शेजारच्या पायरीवर बायका घागरी भरायच्या. ते पाणी देवाला जायचं, चुलीवर जायचं, पाहुण्याच्या तांब्यात जायचं.

आणि हा नारू काढण्यात वाडीत एकच हात चालायचा, चांगुणाचा. बारीक काडीवर किड्याचं टोक घ्यायचं, रोज बोटभर गुंडाळायचं, काडी पायालाच बांधून ठेवायची. इतकी हलकी बोटं तालुक्याच्या दवाखान्यातही नव्हती. वरच्या आळीतल्या आजाऱ्याला नारू झाला की चांगुणाला निरोप यायचा. मागल्या दाराने, गुरांच्या गोठ्यात. हौसराव गुरव लांब बसून मंत्र पुटपुटायचा आणि दक्षिणा घ्यायचा. ही खाली बसून त्या पुवाच्या पायाला हात घालायची. काम झालं की आजारी अंघोळ करायचा, आणि हिच्या पदरात वरून भाकरी टाकली जायची. किळस कोणाला यायला हवी होती आणि कोणाला येत होती, याचा हिशेब वाडीने कधी घातलाच नाही.

पोपटच्या वर्गात नकुशी नावाची मुलगी होती, वाडीचीच. तिचे चुलते सर्जेराव आबा वाडीचे सरपंच आणि पोपटच्या कॉलेजच्या संस्थेचे चेअरमनही. दिवाळीच्या सुट्टीत पोपटने वर्गाला काम दिलं होतं, गावातला एक रोग घ्या आणि तो कोणाच्या घरी जातो ते मोजा. नकुशीने नारू घेतला. वर्षभरात नारू झालेली सत्तावीस माणसं तिने लिहून आणली, घरांसकट. सत्तावीसच्या सत्तावीस वरच्या आळीतली. वस्तीत एकही नाही.

"सर, गुरवकाका म्हणतात, वस्तीनं छप्पन साली देव सोडला म्हणून महादेव कोपला," नकुशी म्हणाली.

"देव सोडला वस्तीने आणि नारू वरच्या आळीला? देवाचा नेम एवढा चुकतो?"

वर्ग हसला. नकुशीही हसली, मग तिने कागद मिटला. तिच्या आईच्या पायालाही काडी बांधलेली होती.

पोपटला सगळं कोडं उलगडलं होतं. नारूवाल्याचा पाय पाण्यात गेला की अळ्या पाण्यात सुटतात. पाण्यातले टिंबाएवढे किडे त्या अळ्या खातात. ते पाणी माणूस पितो, आणि वर्षाने त्याच्या पायातून नारू बाहेर येतो. वस्तीला बारवेपासून हाकललं, आणि झिऱ्याचं पाणी वाळूतून गाळून येत होतं. ज्यांना विटाळ म्हणून दूर ठेवलं तेच वाचले. पवित्र पाण्याने पवित्र माणसं सडवली. हे एकदा डोळ्यांनी दिसलं, की विटाळ या शब्दाला बूडच उरणार नाही, असं पोपटला वाटलं. पालथ्या घड्यावर पाणी, ही म्हण त्याला माहीत होती. पण आपला घडा पालथा नाही असं प्रत्येक मास्तराला वाटतं.

शहात्तरच्या जानेवारीत त्याने सर्जेराव आबांकडे परवानगी मागितली. आबा फटकन हो म्हणाले. त्यांचे चार गडी ऐन सुगीत नारूने पडले होते.

"दाखव की. पर भाषण मी करणार," आबा म्हणाले.

देवळापुढच्या पारावर टेबल मांडलं. पोपटने कॉलेजचा मायक्रोस्कोप फडक्यात गुंडाळून एसटीने मांडीवर आणला होता. बारवेचं पाणी आणायची वेळ आली तेव्हा तो थांबला. बीएस्सी झालेला, तालुक्याला विज्ञान शिकवणारा हा माणूस जन्मात त्या बारवेत उतरला नव्हता. नकुशी उतरली आणि तांब्या भरून घेऊन आली. पोपटने काचेवर थेंब ठेवला, आरसा उन्हाकडे वळवला, डोळा लावून नळी जुळवली आणि म्हणाला, "या."

सगळ्यात आधी सर्जेराव आबा. त्यांनी डोळा लावायच्या आधी उपरण्याच्या टोकाने काच पुसली. मागून आलेल्या प्रत्येकाने तेच केलं. पोपटला वाटलं, धूळ पुसत असतील.

आबांनी वाकून पाहिलं आणि झटक्याने मान मागे घेतली. "आयला! वळवळतंय की! शिंगं हायती त्याला!"

"हे तुम्ही पिता, आबा."

आबांचा चेहरा कडू झाला. बायकांनी पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. एक म्हातारा बाजूला जाऊन ओकला. मग पोपटने धोतराचं फडकं दुहेरी घडी करून तांब्याला बांधलं, पाणी गाळलं आणि गाळलेला थेंब काचेखाली ठेवला. काही नाही. स्वच्छ. "औषध नको, मंत्र नको, दक्षिणा नको," तो म्हणाला. "पाय पाण्यात घालू नका आणि दुहेरी फडक्यातून गाळून प्या. आणि नकुशीने मोजलेलं ऐका. वस्तीत एकाला तरी नारू झालाय का? पाणी विटाळलं ते आपल्याच पायांनी."

हौसराव गुरवाने मान खाली घातली होती. वस्तीतली माणसं ओढ्याच्या काठावर उभी राहून ऐकत होती, त्यांच्यात चांगुणाही होती. तो दिवस पोपटच्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा दिवस. दौंडला जाऊन मामाला काय सांगायचं तेही त्याने परतीच्या एसटीत जुळवून ठेवलं.

दिवस आणीबाणीचे होते. साहेब लोकांना आकडे हवे होते. नारूचं नाव निघताच एप्रिलात बोअरचं मशीन वाडीत आलं. आबांनी पहिली बोअर आपल्या दारात घ्यायला लावली. दोनशे फूट नुसता फुफाटा. दुसरी ओढ्याच्या काठाला, वस्तीच्या तोंडाशी घेतली, तर साठ फुटांवर पाणी उसळलं. खडकाला कोणी आळी शिकवलेली नव्हती. हापसा बसला, सिमेंटचा ओटा झाला, ओट्यावर ओल्या सिमेंटमध्ये आबांचं नाव कोरलं. पोपटचं नाव कुठं नव्हतं, आणि त्याचं त्याला काही वाटलं नाही. वाटलं ते पुढच्या गोष्टीचं. हापसा सुरू झाला त्याच दिवशी हौसरावाने ओट्यावर उभं राहून सांगितलं,

"दांड्याला हात वरच्या आळीचा. वस्तीनं हांडा लांब ठेवावा. आमी हापसून देऊ. पाण्याला न्हाई म्हनत न्हाई कुनी."

चांगुणाने तो निरोप ऐकला, हंडा उचलला आणि वाळूतल्या झिऱ्यावर गेली. महिनाभर ती झिऱ्याचंच पाणी प्यायली.

बुद्धपौर्णिमेला पोपट घरी आला तेव्हा त्याला हे कळलं. त्याचं डोकं फिरलं. "आये, चल. हंडा घे."

"तुझी नोकरी त्या आबाच्या हातात हाय, लेका."

"चल म्हणतो ना."

सकाळचे दहा वाजले होते. ओट्यावर बायकांची रांग होती, पुढे आबांची बायको साळूबाई. चांगुणा सरळ चढली आणि दोन्ही हातांनी दांडा धरला. पहिल्यांदा तो खाली गेलाच नाही. मग तिने अंगाचा भार टाकला, आतून एक हिसका बसला आणि पाणी भसकन हंड्यात आलं. "आगं बया, हिसकतंय की," म्हणत ती हसली. साठ वर्षांत पहिल्यांदा ती उभ्याने पाणी भरत होती. बायका दोन पावलं मागं सरल्या. पण साळूबाईच्या घरी पाहुणे बसले होते. तिने इकडेतिकडे पाहिलं, चांगुणा खाली उतरताच आपली घागर लावली आणि भरून निघून गेली. तिच्यामागे बाकीच्यांनीही भरल्या. पोपटने मनात म्हटलं, झालं. सुटलं.

काही सुटलं नव्हतं. दुपारी देवळात बैठक बसली. चांगुणानंतर ज्या ज्या घरांनी पाणी भरलं, अशी अकरा घरं निघाली. हौसरावाने तोड सांगितली. हापशाच्या डोक्यावरून बारवेचं पाणी ओतून घ्यायचं, आणि अकरा घरांतल्या सगळ्यांनी बारवेचं तीर्थ ओंजळीने प्यायचं.

पोपटला वस्तीत ही बातमी कळली आणि तो पळत सुटला. देवळापुढे माणसं ओळीने बसली होती, लेकराबाळांसकट. पळीपळीने पाणी वाटणं सुरू होतं. बारवेच्या पायरीवर त्याच वेळी एकजण पाय सोडून बसला होता, पायाला काडी बांधलेली.

"अहो, गाळून तरी प्या!" पोपट ओरडला. "दुहेरी फडकं बांधा. एवढं तरी ऐका!"

"गाळल्यालं तीर्थ कुठं आस्तं का रं?" हौसराव म्हणाला. "फडक्याला लागलं की तीर्थ गेलं."

पोपट आबांच्या समोर जाऊन उभा राहिला. आबांच्या ओंजळीत पाणी होतं. "आबा, तुम्ही पाहिलंय. शिंगं पाहिलीत तुम्ही त्याची."

आबा वर पाहीनात. "बघितलंय रं. काय आंधळा न्हाई मी. पर चार लोकांत ऱ्हावं लागतंय." आणि डोळे मिटून प्यायले. तोंड वाकडं झालं त्यांचं. किळस आली होती त्यांना, चांगलीच आली होती. तरी प्यायले.

आता याला काय म्हणावं? अडाणी माणूस घाण पितो, तर त्याची कीव येते. पण ज्याने डोळ्यांनी किडे पाहिले, आणि जो केवळ एका म्हातारीने दांड्याला हात लावला म्हणून ते किडे गिळतो, त्याच्याकडे पाहून ओकारी येते. पोपट ओढ्यावर येऊन खरोखर ओकला. चांगुणाने त्याला चूळ भरायला हापशाचं पाणी दिलं. हापशावरही आता बारवेचं पाणी ओतलं असणार, हे लक्षात येऊन त्याने ते फेकलं आणि झिऱ्याचं आणायला लावलं.

जूनमध्ये कॉलेज उघडलं तेव्हा पेपर त्याच्याकडे नव्हता. आबांनी एक शब्द टाकला होता आणि झूऑलॉजीच्या मुख्य सरांना एकाएकी बीएच्या पोरांचा कळवळा आला. मोट माळ्यावर गेली. पोरं पुन्हा सायकल स्टँडवर गेली. परीक्षेत प्रश्न आला, 'नारूचे जीवनचक्र आकृतीसह स्पष्ट करा, दहा गुण.' पोरांनी पाठ करून लिहिला, आणि वाडीच्या दोन पोरांना त्यात दहापैकी नऊ पडले. ती दोघंही त्या ओळीत तीर्थ प्यायला बसली होती. पोपट पुन्हा बेडकांचे ट्रे धुवायला लागला. दौंडला जाणं त्याने बंद केलं. मामाचं हसणं त्याला नको होतं.

सत्त्याहत्तरचा मे उजाडला. नारूला वर्ष लागतं, आणि नारू दिलेल्या वायद्याला चुकत नाही. नकुशीने घरी बसून पुन्हा मोजणी केली. तिला कोणी सांगितलं नव्हतं. सुट्टीत पोपट घरी आला तेव्हा तिने कागद त्याच्या हातात ठेवला. एकोणीस माणसं, सगळी त्या अकरा घरांतली. बाकीच्या वरच्या आळीत, जिथं वर्षभर फक्त हापशाचं पाणी गेलं, एकही नाही.

"सर, हे कॉलेजात दाखवू या?" तिने विचारलं.

"कोणाला?" पोपट म्हणाला, आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

एकोणिसांत सर्जेराव आबा होते. डाव्या घोट्याला टरारलेला फोड. जुन्या रीतीने चांगुणाला निरोप आला, मागल्या दाराने ये, गोठ्यात. पोपटने आईला सांगितलं, जाऊ नको. सडू दे त्याचा पाय. हे त्याच्या तोंडून गेलं आणि त्याला स्वतःचीच शिसारी आली.

चांगुणा म्हणाली, "आसं म्हनू न्हाई. पाय काय करतो बापडा." मग निरोप्याला म्हणाली, "आबास्नी सांग, गोठ्यात यायची न्हाई. माझ्या पोरानं शिकिवलंय, आधी साबनानं हात धुवावं लागत्यात. सकाळच्याला हापशावर या. मी हापसंन, हात धुवीन, मग नारू धरीन. रोज. दांड्याला हात लागल्याबिगर पायाला हात लावायची न्हाई."

आबा दोन दिवस धुमसले. तिसऱ्या दिवशी आग सहन होईना तेव्हा काठी टेकत आले. सगळ्या बायकांसमोर चांगुणाने दांडा धरला, बादली भरली, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. पाय ओट्याखाली घेऊन गार पाण्याची धार सोडली. पांढरं टोक बाहेर आलं. तिने ते काडीवर घेतलं आणि बोटभर गुंडाळलं. आबा डोळे मिटून दातओठ खात होते. पोपट ओढ्याच्या काठावर उभा होता.

असं नऊ दिवस चाललं. रोज सकाळी चांगुणा सगळ्यांदेखत हापसायची आणि कोणी चकार शब्द काढला नाही. बायका तिच्या मागेच घागरी लावायच्या. साळूबाई तर एकदा म्हणाली, "चांगुणाबाई, दमल्या आसाल, बसा." पोपटच्या आत विझलेलं काहीतरी परत धुगधुगायला लागलं. पुस्तकाने झालं नाही, मायक्रोस्कोपने झालं नाही. आईच्या बोटांनी होतंय, होऊ दे. त्याने दौंडला मामाला पत्र टाकलं, रविवारी येतो.

दहाव्या दिवशी नारू अख्खा निघाला, हातभराहून लांब. चांगुणाने तो चुलीत टाकला. रविवारी दुपारी पोपट पिशवी घेऊन एसटीला निघाला. वाट हापशावरून जात होती.

ओट्यावर हौसराव गुरव उभा होता, शेजारी आबांचा गडी घागर घेऊन. घागरीतून हापशाच्या डोक्यावर, मग दांड्यावर, मग ओट्यावर पाणी ओतणं चाललं होतं. एका बाजूला तीच अकरा घरं ओंजळी पुढे करून उभी होती. आबा दगडावर बसले होते, पायाला पांढरी पट्टी.

पोपट जागच्या जागी थिजला. आबांनी त्याला पाहिलं आणि हात करून जवळ बोलावलं. त्यांच्या तोंडावर लाज नव्हती. उलट शाबासकी मिळायची आहे अशा पोरासारखा चेहरा होता.

"मास्तर, जरा हिकडं बघ," ते घागरीकडे बोट करून म्हणाले. "दुहेरी फडकं बांधलंय. तू सांगितलं व्हतंस तसंच. नव्या मांजरपाटाचं. पिनार त्येबी गाळूनच."

"मागं म्हणाला होतात, गाळलेलं तीर्थ चालत नाही," पोपट हौसरावाला म्हणाला.

"चालतं," हौसराव म्हणाला. "मी बघितलं पोथीत. गाळून घ्यावं आसंच लिवलंय."

फडकं खरंच नीट बांधलेलं होतं. घडी दुहेरी, गाठ घट्ट, कुठं सुरकुती नाही. पोपटच्या धड्यात काढायला एक चूक सापडली नाही. वाडी पहिल्या वर्गात पास झाली होती.

तो एसटीकडे गेला नाही. मागे वळला आणि वस्तीत आला. चांगुणा दारात बसून हात पुसत होती. त्याचं तोंड पाहून तिने विचारलं, "काय झालं रं?"

"हापसा धुवून घेताहेत, आये. तुझा विटाळ काढायला. या वेळी गाळून."

चांगुणा जमिनीवर थुंकली. मग उठली, पदर खोचला आणि रिकामा हंडा कमरेला लावला.

"कुठं निघालीस?"

"पानी आनाया," ती म्हणाली. "आत्ता जाते, सांजच्यालाबी जाते. उद्याबी जाते. गाळू दे त्यास्नी रोज. बघू फडकी किती पुरत्यात ती."